आबाजींना काय विचारायचं

अमरावती

चि. ताईस,

पत्र पोचलं. आबाजी भेंडवळहून घटमांडणीचं भाकीत ऐकून आले, तूर वाढवायची नि सोयाबीन कमी करायचं म्हणाले, आणि तू चारचौघांत विचारलंस, की घागरीवरचा पापड हलला म्हणून पाऊस कसा काय ठरतो? "कालची पोट्टी मले शिकवते," एवढं म्हणून ते उठले, आणि अजून बोलत नाहीत. आता तू मला विचारतेस, की घरात शिकवलेल्या गोष्टींवर प्रश्न करायचेच नाहीत का?

करायचे. त्यात मला शंका नाही. पण पहिला प्रश्न कुठे करायचा, हे तू अजून ठरवलेलं दिसत नाही. माझा हिशेब सरळ आहे. एखाद्या समजुतीवर कोणी प्रश्न केला नाही, तर त्याची किंमत कोण मोजतो, ते आधी बघायचं. ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्या माथी ती पडत असेल, तर थांबायचं नाही, मग घर रुसो की गाव रुसो.

आपल्या मेळघाटचंच घे. लहान लेकराचं पोट फुगलं की धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर अजूनही काही ठिकाणी तापल्या लोखंडानं पोटावर चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. ते लेकरू काही म्हणू शकत नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तो हवाच होता. पण रात्री दवाखाना लांब आणि भूमका, म्हणजे पाड्यावरचा वैदू, शेजारी, हे त्या मायला रोज दिसतं. तिला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आरोग्य खात्यानं पुढे भूमकांनाच पेशंट दवाखान्यात पाठवण्याच्या कामात सामील करून घेतलं. मला हा खरा शहाणपणा वाटतो.

नोव्हेंबर १९२७ मध्ये इथल्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर अध्यक्ष म्हणून अमरावतीला आले. देवी बाटते ही समजूत शिकवणारे आत होते, किंमत मोजणारे पायरीखाली होते. तिथे 'हळू बोला, वडीलधारे दुखावतील' असं कोणी म्हटलं असेल, तर ते चुकलंच.

आता प्रश्न कसा करायचा, त्यासाठी गाडगेबाबा बघ. इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, आणि आम्ही मास्तर लोकांनी 'बाबांचे विचार लिहा' असा प्रश्न काढून पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतली. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, असं सांगणाऱ्या माणसाचं हे असं झालं! शेंडगावचा हा डेबूजी. दारूनं बापाचं घर बुडवलेलं, म्हणून मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे वाढला. गुरं राखली, नांगर धरला. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचं जेवण घालायची रीत होती. त्यानं गोडाचं जेवण घातलं. मंडळी नाराज झाली. नीट बघ, तो दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बोलला नाही. स्वतःच्या दारात, स्वतःच्या कार्याला, स्वतःच्या पानात त्यानं रीत मोडली, आणि रोष स्वतःच्या अंगावर घेतला. बकऱ्याला बोलता येत नव्हतं, आणि कर्ज काढून जेवण घालणाऱ्या गरिबाला बोलायची लाज होती.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. पुढे गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तन कसलं, सवाल-जवाबच. देवाला आंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, नैवेद्यावर आलेलं कुत्रं कोण हाकलतं, असं विचारत जायचे, आणि 'आम्ही' हे उत्तर समोरचेच द्यायचे. उत्तर स्वतःच्या तोंडून निघालं की माणूस उठून जात नाही. आणि बोलणं वऱ्हाडी, म्हणजे ऐकणाऱ्याचं. ज्यांना ते असं विचारत, त्यांच्यासाठीच ऋणमोचनला पूर्णेवर घाट आणि पंढरपुरात धर्मशाळा बांधत. लोक त्यांचं का ऐकून घेत, याचं निम्मं उत्तर त्या घाटात आणि धर्मशाळेत आहे.

तुझ्या प्रश्नात ऐकणाऱ्याला उत्तर द्यायला जागाच नव्हती. तो टोमणा होता.

शिवाय घटमांडणीची किंमत कोण मोजतो? शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर घागर, आणि पहाटे काय हललं ते बघून भाकीत सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण भाकीत चुकलं तर आबाजींचीच तूर जाते, दुसऱ्याची नाही. आणि ते तिकडे का जातात, तेही बघ. हवामान खातं एप्रिलमध्ये देशाच्या सरासरीचा टक्का सांगतं. त्यातून आपल्या तेल्हाऱ्याला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काय होणार, हे कळत नाही. भेंडवळला कोणीतरी पिकाचं नाव घेऊन बोलतं. पेरणीआधी माणसाला तेवढंही पुरतं.

याउलट ज्या समजुतीवर दुसऱ्याचा गल्ला भरतो, तिथे तू गप्प कशी? बीटी पऱ्हाटीवर, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कपाशीवर, बोंडअळी येत नाही, हे आम्हाला टाय घातलेल्या माणसांनी शिकवलं. बियाण्याच्या थैलीसोबत बिगर-बीटीची लहान पुडी यायची. ती कडेनं पेरली की तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांची पाखरं विष पचवणाऱ्यांशी जुळतात आणि विषाला दाद न देणारी जात लवकर वाढत नाही. किती शेतकऱ्यांना हे कोणी समजावून सांगितलं? पुड्या बांधावर पडल्या. २०१७ ला गुलाबी अळीनं विदर्भाची बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं विसावर माणसं गेली. 'दोन औषधं मिसळा, जोर येते' हेही कोणीतरी शिकवलेलंच असतं, फक्त त्याला अंधश्रद्धा म्हणायची आपली रीत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकतेस ना? वर्गात सरांना विचार, की पुडीची गोष्ट बांधापर्यंत का पोचली नाही? मार्कांची भीती वाटेल. आबाजींना विचारताना तसली भीती नव्हती, हेही जरा ध्यानात घे.

सुट्टीत गेलीस की एक वही घेऊन जा. एका रकान्यात भेंडवळवाले काय म्हणाले, दुसऱ्यात हवामान खातं, आणि तिसऱ्यात आपल्या शिवारात खरंच किती पाऊस पडला. पर्जन्यमापक मी पाठवतो. पण वही त्यांच्या हाती दे, त्यांनाच लिहू दे, आणि मध्येच 'बघा, चुकलं' म्हणू नकोस. तीन-चार हंगाम जातील, तर जाऊ देत. आणि बियाणं-औषध घ्यायला ते कृषी केंद्रात निघाले की सोबत जा. डब्यावरचं बारीक अक्षर त्यांच्या चष्म्याला झेपत नाही, ते दुकानदारासमोर मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा,
मामा