वृद्ध स्त्रीची स्मृती आणि संज्ञाप्रवाही कथा : एटापल्ली परिसराच्या निमित्ताने

‘संज्ञाप्रवाह’ ही संकल्पना मराठी समीक्षेत रुळली त्याला बराच काळ लोटला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मानसशास्त्राच्या क्षेत्रात रूढ केलेली ही कल्पना पुढे कथात्म साहित्याच्या चर्चेत आली. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीपासून मराठीतही तिचे प्रयोग झाले. मात्र या प्रयोगांच्या केंद्रस्थानी असलेले मन बहुधा शिकलेले, नागर मन आहे. जिच्या आयुष्यात पुस्तक आलेच नाही आणि जिची मायबोली मराठी नाही, अशा वृद्ध स्त्रीचे मन मराठी कथेत या तंत्राने कसे उभे करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभी एका कथेचा विचार करू. कॅथरिन अ‍ॅन पोर्टर यांच्या ‘फ्लॉवरिंग जुदास’ (१९३०) या संग्रहात ‘द जिल्टिंग ऑफ ग्रॅनी वेदरॉल’ ही कथा आहे. ऐंशीच्या घरातली एक स्त्री मृत्युशय्येवर पडली आहे. घटना म्हणून एवढीच. साठ वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी नियोजित वर आलाच नव्हता. पुढे दुसऱ्याशी संसार झाला, मुले झाली, वैधव्य आले, शंभर एकरांना स्वतःच्या हातांनी कुंपण घातले. तरी तो न आलेला माणूस मनातून गेलेला नाही. ही हकीकत पोर्टर सरळ सांगत नाहीत. डॉक्टरांचा आवाज, लेकीची कुजबुज, दिव्याचा उजेड यांपैकी काहीतरी जाणिवेला स्पर्श करते आणि त्या स्पर्शासरशी साठ वर्षांचे अंतर नाहीसे होते. ‘ती’ आणि ‘मी’ यांच्यामधली सीमाही येथे सतत पुसली जाते. वाचकाला काळाचा क्रम नंतर, स्वतः जुळवावा लागतो. वृद्धत्व हा या कथेचा केवळ विषय नसून तो तिच्या रचनेचे कारण आहे. थकलेल्या मनाला क्रम लावण्याची गरज उरलेली नसते. जे सलते ते आधी येते.

आता एटापल्लीकडे वळू. या तालुक्यात आज पंच्याऐंशी वर्षांची असलेली माडिया स्त्री मध्यप्रांत व वऱ्हाडात जन्मली. गाव न सोडताच ती १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये चंद्रपूरमधून निघालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गेली. इतिहासाच्या दृष्टीने हे मोठे टप्पे. तिच्या स्मृतीत त्यांना जागा असेलच असे नाही. तिचा काळ मोहफुलांच्या हंगामांनी, पंडुमांनी, बाळंतपणांनी आणि मृतांसाठी उभारलेल्या शिळांनी मोजलेला असण्याची शक्यता अधिक. या दोन कालगणनांचा संघर्ष ही केवळ वाङ्मयीन बाब नाही.

वनहक्क अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. त्याखालील २००८ च्या नियमांपैकी तेराव्या नियमात दाव्यांसाठी ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदन तीत समाविष्ट आहे. म्हणजे म्हातारीची आठवण येथे कायद्याने पुरावा ठरते. परंतु ती कागदावर येते तेव्हा मराठीत येते, क्रमाने येते, आणि १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या अलीकडे-पलीकडे मांडली जाते. समजा, शेताची हद्द सांगताना तिला एक मोहाचे झाड आठवले; झाडाबरोबर त्याच्या सावलीत निजवलेली, पुढे दगावलेली मुलगी आठवली; आणि मग हद्दीची गोष्ट राहूनच गेली. लिहून घेणारा झाड ठेवील आणि मुलगी वगळील. त्याला दोष देता येणार नाही, त्याचे कामच ते आहे. कथाकाराने मात्र हेच केले तर त्याची कथा आणि तो जबाब यांत फरक तो काय राहिला? ग्रामीण आणि आदिवासी जीवनावरील आपल्या पुष्कळ कथांतील म्हाताऱ्या अशा जबाबच देत असतात, असे मला वाटते.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. माडिया ही द्रविड कुळातील गोंडीची बोली. तिच्यात विचार करणारे मन प्रमाण मराठीत मांडले तर ते अनुवादित वाटते. झाडीबोलीत मांडले तर एका समाजाच्या तोंडी दुसऱ्याची बोली दिल्यासारखे होते. झाडीबोली कितीही जवळची असली तरी ती मराठीच आहे. तिसरा मार्ग मधूनमधून माडिया शब्द पेरण्याचा. यात लेखक शब्दापाठोपाठ त्याचा अर्थही सांगू लागतो आणि तेथेच प्रवाह तुटतो. ‘पंडुम’ म्हणजे सण, हे कोणतेही माडिया मन स्वतःला समजावून सांगत नाही. उलट अशा कथेत परके वाटावयास हवेत ते मराठी शब्द : पट्टा, सातबारा, वारसान. सुरजागडच्या लोहखनिजाचा ट्रक गावावरून जावा तसे हे शब्द तिच्या मनातून जावेत. आवाज पुरेपूर, अर्थ अर्धामुर्धा.

हे साधण्यास शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचना अधिक उपयोगी पडेल. याबाबत विदर्भातील मराठीत एक सोय आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी गेले’ म्हणते आणि दुसरीविषयी ‘ती गेली’. क्रियापदच पुरुष वेगळा करते. विदर्भातील बाई सहज ‘मी गेली’ म्हणते. सर्वनाम गाळले की उरते नुसते ‘गेली’. कोण गेली? सांगणारी, तिची मुलगी, की तरुणपणीची ती स्वतः? पोर्टर यांना जी सीमा कौशल्याने पुसावी लागली, ती येथे बोलीच्या व्याकरणातच पुसट आहे. हे रूप माडिया मनाचे नव्हे, ही मर्यादा खरीच. तरी परक्या भाषेत राहून ‘मी’ सैल करण्याचा हा एक मार्ग आहे. व्याकरणशुद्धीच्या आग्रहाने आपण विद्यार्थ्यांच्या वह्यांतून तो लाल शाईने खोडत आलो आहोत.

विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही माडिया जीवनावरील महत्त्वाची कादंबरी. पण तिच्या केंद्रस्थानी तरुण पुरुष आहे आणि प्रश्नही वेगळे आहेत. म्हातारीची कथा घरात तिची भाषा बोलणाऱ्यांकडून येण्याचा संभव अधिक. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चंद्रपूर आणि गडचिरोलीतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आणावयास सांगता येईल. अट एकच असावी : लिहून काढताना तिने सांगितलेला क्रम बदलू नये, आणि ती जेथे गप्प राहिली तेथे ओळ कोरी सोडावी.