ख्रिस्ती त्रैक्य सिद्धांत : मतभेदांचा एक अभ्यास

आपल्या अभ्यासवर्गात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ख्रिस्ती लोक एकच देव मानतात. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावे कोणाची? हे तीन देव आहेत की एकाच देवाची तीन नावे? आपल्या वस्तीत, शाळेत, कचेरीत ख्रिस्ती बांधव आपल्यासोबत असतात. त्यांना विचारावे तर कॅथलिक एक सांगतो, यहोवाचा साक्षीदार दुसरेच सांगतो आणि आपण गोंधळून जातो. हा गोंधळ केवळ आपल्या अज्ञानाचा आहे असे नाही. खुद्द ख्रिस्ती जगात या प्रश्नावर सतराशे वर्षांहून अधिक काळ वाद झाला, परिषदा भरल्या, माणसे हद्दपार झाली, जाळली गेली. या वादाची ठळक टप्प्यांनी ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणाच्या श्रद्धेची टिंगल करावी किंवा कोणाची भलावण करावी असे आमच्या मनात नाही, हे सुरुवातीसच नमूद करणे अगत्याचे वाटते.

मूळ अडचण कोणती?

येशू आणि त्याचे पहिले शिष्य हे यहुदी होते. देव एकच, ही यहुदी धर्माची पहिली शिकवण. येशू त्या एका देवाला पिता म्हणून हाक मारीत असे, त्याची प्रार्थना करीत असे. पुढे मात्र शिष्य खुद्द येशूलाच प्रभू म्हणू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. परंतु या तिघांचे परस्पर नाते काय, याचा सिद्धांत बायबलमध्ये कोठेही एकत्र मांडलेला नाही. 'त्रैक्य' हा शब्दच बायबलमध्ये नाही. लॅटिन भाषेत 'त्रिनितास' हा शब्द या अर्थाने तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुलियन या लेखकाने रूढ केला.

म्हणजे अडचण अशी, की देव एक हेही सोडायचे नाही आणि येशूचे देवत्वही सोडायचे नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे जे निरनिराळे प्रयत्न झाले, त्यांतूनच मतभेद निर्माण झाले.

पहिली दोन उत्तरे

पहिले उत्तर साबेल्लियस याच्या नावाने ओळखले जाते. देव एकच आहे. पिता, पुत्र, आत्मा ही त्याची प्रकट होण्याची तीन रूपे आहेत. एकच माणूस घरी बाप, कचेरीत साहेब आणि मैदानात खेळाडू असावा, तसे. हे समजायला सोपे आहे. पण विरोधकांनी विचारले, मग येशू प्रार्थना करीत होता ती कोणाची? स्वतःचीच? आणि क्रुसावर यातना भोगल्या त्या पित्यानेच काय?

दुसरे उत्तर अलेक्झांड्रिया येथील आरियस या धर्मगुरूने दिले. पिता हाच खरा, अनादी देव. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो पित्याने निर्माण केलेला. एके काळी तो नव्हता. यावर अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर आणि त्याचा तरुण सहकारी अथानासियस यांनी कडाडून हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा : जो स्वतः निर्मित आहे तो इतर निर्मितांचे तारण कसे करणार? दरीत पडलेल्याला दरीत पडलेलाच दुसरा कसा वर काढील? आरियसच्या बाजूचेही म्हणणे तितकेच तिखट होते. जो जन्मला, ज्याला भूक लागली, जो रडला आणि मेला, त्याला अविकारी देवाच्या बरोबरीने कसे बसवायचे?

निकेयाची परिषद, इ. स. ३२५

हा वाद बाजारात पोहोचला, शहरे दुभंगली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याला साम्राज्यात ऐक्य हवे होते. त्याने इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे (आजचे तुर्कस्तानातील इझनिक) बिशपांची परिषद बोलावली. परंपरेने ३१८ बिशप हजर होते असे सांगतात. परिषदेने ठरविले की पुत्र हा पित्याशी 'होमोऊसियोस', म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे. आरियस आणि सही करण्यास नकार देणारे दोन बिशप हद्दपार झाले. आरियसची पुस्तके जाळण्याचा हुकूम निघाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्रद्धेचा प्रश्न प्रथमच राजसत्तेच्या शिक्क्याने निकाली काढण्यात आला. पण तो निकाली निघाला काय? मुळीच नाही. ज्या कॉन्स्टंटाइनने आरियसला हद्दपार केले, त्यालाच इ. स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा दिला तो आरियसची पाठराखण करणाऱ्या निकोमिडियाच्या युसेबियस या बिशपने. त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस याने निकेयाच्या विरोधकांना आश्रय दिला. अथानासियस पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाला, पण त्याला पाच वेळा पदावरून हाकलण्यात आले आणि सुमारे १७ वर्षे त्याने परागंदा अवस्थेत काढली. सम्राट बदलला की खरा धर्म बदलत असे!

या काळात एक मधला पक्ष निघाला. पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा नव्हे, तर 'होमोइऊसियोस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा आहे, असे तो म्हणे. ग्रीक लिपीत या दोन शब्दांत फरक एका अक्षराचा, 'आयोटा' या सर्वांत लहान अक्षराचा. एका अक्षरासाठी एवढे भांडण कशाला, असे आपल्याला सहज वाटेल. पण तोच असणे आणि त्याच्यासारखा असणे यांत अंतर आहे की नाही? आई आणि आईसारखी बाई यांत आपण फरक करतोच.

अखेर आजच्या तुर्कस्तानातील कप्पदोकियाच्या तीन विद्वानांनी, बेसिल, नाझियान्झसचा ग्रेगरी आणि निस्साचा ग्रेगरी यांनी, वाट काढली. तत्त्व एक, व्यक्ती तीन, हे त्यांचे सूत्र. सम्राट थिओडोसियसने इ. स. ३८० मध्ये हेच मत अधिकृत असल्याचा हुकूम काढला. पुढल्याच वर्षी, ३८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने पवित्र आत्म्याचीही पिता-पुत्रांसह उपासना व्हावी हे विश्वासाच्या मसुद्यात घातले. आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ मानतात ते हेच त्रैक्य.

काही जण याची तुलना ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याशी करतात. ती दिशाभूल करणारी आहे. त्रिमूर्तीच्या रूढ समजुतीत उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामांची वाटणी आहे. ख्रिस्ती सिद्धांतात अशी वाटणी नाही. तिघांचे कार्य एकच मानले जाते.

पूर्व आणि पश्चिम

पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, असे ३८१ च्या मसुद्यात होते. पश्चिमेकडील चर्चने त्यात 'आणि पुत्रापासून' असे शब्द पुढे जोडले. रोममध्ये ते १०१४ पासून म्हटले जाऊ लागले. आम्हाला न विचारता मसुदा कसा बदलला, असा पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चचा सवाल होता. १०५४ च्या फुटीत जी कारणे पुढे आली त्यांत हेही एक होते. हा भेद आजही मिटलेला नाही.

जिनिव्हातील चिता आणि टोर्डाचा ठराव

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली. पोपची सत्ता नाकारणाऱ्या ल्युथर आणि कॅल्विन यांनी त्रैक्य मात्र कायम ठेवले. मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने १५३१ मध्ये ग्रंथ लिहून त्रैक्याला बायबलचा आधार नाही असे मांडले. हृदयातून रक्त फुप्फुसांत जाऊन परत येते हे युरोपात प्रथम छापून सांगणारा हाच विद्वान. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी कॅल्विनच्या जिनिव्हा शहरात त्याला जिवंत जाळण्यात आले. चितेवर त्याने 'सनातन देवाचा पुत्र' अशी येशूला हाक मारली. 'देवाचा सनातन पुत्र' असे म्हणाला असता तर कदाचित वाचला असता, असे सांगतात. एका विशेषणाची जागा, आणि एका माणसाचा जीव!

याच्या अगदी उलट गोष्ट ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) घडली. फेरेन्त्स डाविड या धर्मोपदेशकाने देव एकच, त्यात तीन व्यक्ती नाहीत, असे मत मांडले. यांना युनिटेरियन म्हणजे एकत्ववादी म्हणतात. १५६८ मध्ये टोर्डा येथील सभेने ठराव केला की उपदेशकाने आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करावा आणि श्रद्धेसाठी कोणाचा छळ होऊ नये. तो ठराव परिपूर्ण नव्हता, पण त्या काळाच्या मानाने मोठाच म्हटला पाहिजे. दुर्दैव असे, की राजा बदलल्यावर खुद्द डाविडच तुरुंगात पडला व १५७९ मध्ये तेथेच वारला.

भारतातील पडसाद

हा वाद आपल्याकडेही आला. कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूची नीतिवचने निवडून प्रसिद्ध केली आणि चमत्कार व देवत्वाचा भाग वगळला. सेरामपूरच्या मिशनऱ्यांशी त्यांचा मोठा वाद झाला. याच सुमारास बायबलचे बंगाली भाषांतर चालू असता योहानाच्या शुभवर्तमानातील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर अडले : सर्व काही 'त्याने' निर्माण केले की 'त्याच्या द्वारे' निर्माण झाले? भाषांतरात सहभागी असलेले मिशनरी विल्यम अॅडम यांना राममोहन यांचे म्हणणे पटले आणि १८२१ मध्ये ते एकत्ववादी झाले. ज्यांचे धर्मांतर करायचे त्यांनीच मिशनऱ्याचे मत बदलावे, ही इतिहासातील गमतीदार घटना होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची हकीकत पंडिता रमाबाईंची आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन, डोरोथिया बील आदींशी पत्रांतून कसून वाद घातला. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे त्यांना मान्य नव्हते. बायबल स्वतः वाचून पटेल तेवढेच मी मानीन, असा त्यांचा बाणा होता. मायदेशातील पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवल्यावर दुसऱ्या धर्मगुरूंचे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या ख्रिस्तावरील दृढ श्रद्धेने राहिल्या आणि त्यांनी बायबलचे मराठी भाषांतरही केले. त्या श्रद्धेपर्यंत त्या पोहोचल्या त्या प्रश्न विचारीत, स्वतःच्या पायांनी.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. ईशान्येकडील खासी-जैंतिया टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये जोवाई येथे एकत्ववादी उपासना सुरू केली. ती मंडळी आजही आहेत.

आजची मते, थोडक्यात

१) कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रॉटेस्टंट : तत्त्व एक, व्यक्ती तीन, तिन्ही समान.
२) यहोवाचे साक्षीदार : यहोवा हाच देव, येशू ही त्याची पहिली निर्मिती, पवित्र आत्मा ही व्यक्ती नसून देवाची शक्ती.
३) वननेस पेंटेकोस्टल : देव एकच व्यक्ती, त्याचे नाव येशू, बाप्तिस्माही येशूच्याच नावाने.
४) मॉर्मन : पिता, पुत्र व आत्मा हे तीन वेगळे, पण हेतूने एक.
५) युनिटेरियन : परंपरेने देव एक, येशू थोर शिक्षक.

सुज्ञ वाचकहो, २०२५ मध्ये निकेयाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. ज्या मताला तेथे हद्दपार केले, त्याच्या जवळपासची मते मानणारे आजही आहेत, आणि ज्या मताला मान्यता मिळाली तेही कोट्यवधी लोक मनापासून मानतात. हुकुमाने यांपैकी एकही संपले नाही. सर्व्हेटसला जाळून त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. राममोहन आणि रमाबाईंनी वाद घातला, त्यात कोणाचा जीव गेला नाही आणि दोन्ही बाजूंना विचार करावा लागला. तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती बंधुभगिनींशी हा विषय निघालाच, तर 'तुम्ही तीन देव मानता ना?' असे म्हणून सुरुवात करू नये. तुमच्या पंथात याचा अर्थ कसा सांगतात, असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती.