चेरी: माणसांना फळ, जनावरांना बी नको

प्रश्न (उंद्री, ता. चिखली): मुलाने पुण्याहून चेरीचं खोकं आणलंय. मला शुगर आहे, खाऊ का? ती टिकवायची कशी? अंगणातल्या कुत्र्याने बिया चघळल्या तर?

उत्तर: खा, पण मोजून. १०० ग्रॅम चेरीत सुमारे ६३ कॅलरी आणि १३ ग्रॅम साखर असते. शुगर आटोक्यात असेल तर दोन जेवणांच्या मध्ये दहा-बारा दाणे चालतील. रस काढून पिऊ नका. व्हिटॅमिन सी हवं असेल तर मात्र चेरीवर खर्च नको, पेरूत ते तिच्या जवळपास तीसपट असतं. चेरीला लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं आपल्या जांभळातही असतात.

केकवरची किंवा पानातली ‘चेरी’ बहुतेक वेळा साखरेच्या पाकात मुरवलेलं, रंग दिलेलं करवंद असतं. ती मिठाईत धरा, फळात नाही.

आपल्या बाजारात येणारी ताजी चेरी मुख्यतः काश्मीर-हिमाचलची. एवढा प्रवास करून ती आधीच नरम पडलेली असते. खोकं आल्याबरोबर फुटकी, बुरशी लागलेली फळं काढून टाका. उरलेली देठासकट, न धुता फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. धुवायची ती खाताना, कारण ओल राहिली की बुरशी धरते.

आता बियांचं. लहान मुलांना बी काढून, फळ चिरूनच द्या, घशात अडकायची भीती असते. चुकून गिळलेली अखंड बी सहसा शौचातून निघून जाते. चावून फोडली तर मात्र तिच्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीची किराळ लागून गुरं दगावतात, ते विष हेच. म्हणून बिया, देठ उकिरड्यावर किंवा शेळ्यांपुढे टाकू नका.

कुत्र्याच्या आतड्यात बिया अडकूही शकतात. त्याला धाप लागली, लाळ गळू लागली, झोकांड्या जाऊ लागल्या, किंवा उलट्या होऊन खाणं सुटलं, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि द्राक्षं-मनुका तर त्याला एकसुद्धा देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.