विंचवाचे विष, मंत्र आणि पद्मश्री

आपल्या देवळाली कॅम्पच्या वस्त्यांत विटांच्या ढिगात, सरपणात विंचू निघतो. दंश झाला की अजूनही कुणी मांत्रिकाकडे धावतो. म्हणून आज आपण एका सन्मानामागचे काम समजून घेऊ.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. महाडजवळच्या बिरवाडी येथे, सरकारी आरोग्य केंद्रात, त्यांनी लाल विंचवाच्या विषाने रुग्ण दगावताना पाहिले. रात्रंदिवस उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विष हृदयावर घाव घालते हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन औषध वापरले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे निष्कर्ष छापले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले सुमारे चाळीस जात. या उपचाराने ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

पारखून घ्या, मगच माना, ही तथागतांची शिकवण. मंत्र या पारखीत टिकत नाही.

लक्षात ठेवा:
• उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. लहान मुलांना धोका जास्त.
• चिरा देऊ नका, आवळून बांधू नका.
• घरी मनाने गोळी देऊ नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा किंवा १०८ वर फोन करा.

जयभीम!