चाकाच्या खुर्चीवरून लोणारला

झाडावरून पडून, बैलगाडीखाली सापडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात कंबरेखालचे अंग लुळे पडलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. दवाखान्यातून घरी आली, की ती ओसरीवर बसतात. मग वर्षे जातात. घरची मंडळी जत्रेला जातात, लग्नाला जातात, पंढरपूरला जातात. ओसरीवरचा माणूस घर राखतो. त्याला कोणी विचारत नाही असे नाही. "येतोस का?" असे विचारतात, पण गाडी दारात उभी राहिल्यावर विचारतात. तेव्हा तो "तुम्ही जाऊन या" असेच म्हणणार.

अशा माणसाला बरोबर घेऊन दोन दिवसांचा प्रवास कसा आखावा, ते या धड्यात पाहू. आपण झरीहून जीपने निघू. जिंतूर, मंठा, लोणार आणि सिंदखेड राजा असा रस्ता धरू.

पहिली गोष्ट म्हणजे त्याला महिनाभर आधी विचारावे. कुठे जावे, बरोबर कोण असावे, हे त्याच्या तोंडून येऊ द्यावे. "आम्ही चौघे आहोत, उचलून नेऊ" असे गडी माणसे मोठ्या मायेने म्हणतात. पण जाणत्या माणसाला दहा लोकांसमोर पोत्यासारखे उचलले, तर त्याला काय वाटत असेल? शिवाय उचलताना हात निसटतो, मार लागतो. उचलण्याची वेळ कमीत कमी यावी, अशीच जागा निवडावी. बाई प्रवासाला येणार असेल, तर मदतीला बाईच हवी.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी पायांनी दगा दिला. पुढे १९८४ साली त्यांनी अपंगांसाठी मोठी संस्था उभारली. आपल्या जीवनाची हकिकत त्यांनी लिहिली. त्या पुस्तकाचे नाव 'चाकाची खुर्ची' असेच आहे. खुर्चीवर बसून माणूस किती करू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते. आपल्याला तर फक्त लोणारला जायचे आहे.

आता हंगाम. पावसाळ्यात आपली काळी माती चाकांना अशी धरते, की खुर्ची ओढता ओढत नाही. वैशाखातले ऊनही नको. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या काही माणसांच्या अंगाला नीट घाम येत नाही. त्यांना ऊन लवकर बाधते. दिवाळी झाल्यावर थंडीत जावे हे बरे. तेव्हा लोणारची झाडीही हिरवी असते.

निघण्याआधी खुर्ची तपासावी. ब्रेक लागतो का? चाकांत हवा आहे का? नटबोल्ट ढिले नाहीत ना? पंप आणि पाना बरोबर घ्यावा. खुर्चीची रुंदी मोजून तेवढीच सुतळी कापून खिशात ठेवावी. पुढे कुठलेही दार लागले, की सुतळी लावून पाहावी. खुर्ची जाईल की नाही ते लगेच कळते.

मुक्कामाची जागा आधी फोन करून ठरवावी. इथे एक सांगतो. "अपंगांची सोय आहे का?" असे विचारू नये. समोरचा "आहे, आहे, या तुम्ही" म्हणतो, आणि गेल्यावर चार पायऱ्या दिसतात. नेमके विचारावे. आता तुम्हाला लिहिता येते, तर प्रश्न वहीत लिहून घ्या आणि उत्तर त्यापुढेच लिहा. खोली तळमजल्यावर आहे काय? दारात पायऱ्या किती? दार किती इंच रुंद? संडासचे दार किती? आत कमोड आहे की बसायचे भांडे? उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल, तर "मोजून सांगा, आम्ही पुन्हा फोन करतो" असे म्हणावे. त्यात संकोच कसला?

पायरीचा हिशेबही शिकून घ्यावा. खुर्ची सुखाने चढायला एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांची फळी झाली. एवढी फळी जीपच्या टपावर बांधता येते. चार पायऱ्यांना मात्र चोवीस फूट लागतील. तिथे फळी चालणार नाही, दुसरी जागा शोधावी. तीव्र उतारावरून खुर्ची खाली नेताना उलटी न्यावी, म्हणजे बसलेला माणूस पुढे पडत नाही. आणि उचलावीच लागली, तर हाताचे दांडे किंवा पाय ठेवायच्या पट्ट्या धरू नयेत. त्या निघून हातात येतात. खुर्चीचा पक्का सांगाडा धरावा.

जीपमध्ये पुढची जागा त्याला द्यावी. बाकीच्यांनी मागे दाटीवाटीने बसावे, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. बुडाखाली जाड गादी हवी. ज्याला कंबरेखाली कळत नाही, त्याला एकाच जागी बसून जखम झालेलीही कळत नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने त्याने हातांवर जोर देऊन अंग उचलावे किंवा बाजूला कलावे. पायांकडेही पाहावे. जीपचा पत्रा तापतो, पाय भाजतो आणि माणसाला पत्ता नसतो.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. अशी माणसे प्रवासात पाणी पीत नाहीत. लघवीला कुठे जावे, कोणाला सांगावे, ही चिंता असते. तहानलेले बसून राहतात. त्याने लघवीचे विकार होतात, ताप येतो. तेव्हा थांबण्याची ठिकाणे आधीच ठरवावीत. गाडीत लघवीचे भांडे, पडद्याला एक चादर, पाणी आणि साबण ठेवावा. "तुला लागली का?" असे सर्वांदेखत विचारू नये. ठरल्या जागी गाडी थांबवावी, बाकीच्यांनी उतरून चहाला जावे आणि मदतनीसाने मागे राहावे. एवढे केले, की तो पाणी मागून पितो.

जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. मूर्ती मोठ्या, दारे लहान. तिथे खुर्चीचे काम नाही; डोंगर रस्त्यावरून पाहावा आणि पुढे चालावे. औंढ्याचे नागनाथही आपल्या जवळचे. पण तिथे पिंडी जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे, वाट अरुंद आणि पायऱ्यांची आहे. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम मात्र पाहत राहावे असे आहे. ते पुन्हा केव्हातरी.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. फार प्राचीन काळी आकाशातून एक प्रचंड दगड इथल्या काळ्या खडकावर आदळला आणि खळगा पडला. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळाशी सरोवर आहे, त्याचे पाणी खारट आहे. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तसे झाले, असे शास्त्रज्ञांना आढळले. खाली उतरायची वाट उतरणीची, खडकाळ आहे. तो नाद सोडावा. खरा देखावा वरच्या काठावरूनच दिसतो. तो गोल कडा, ती झाडी, मध्ये पाणी, सारे एका नजरेत येते.

मात्र एक गोष्ट उभ्या माणसाच्या ध्यानात येत नाही. खुर्चीवर बसलेल्याची नजर चार फुटांच्याही खाली असते. समोर भिंतीचा कठडा असेल, तर आपण सरोवर पाहू आणि तो भिंत पाहील. म्हणून एकाने पुढे जावे, गुडघ्यांवर बसावे आणि कुठून दिसते ते शोधावे. मग खुर्ची तिथे न्यावी, ब्रेक लावावा आणि त्याला घाई करू नये. त्याला हवा तेवढा वेळ बसू द्यावे. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ जोत्यावर आहे. त्याचे कोरीव काम खालून, सभोवार फिरून पाहता येईल तेवढे पाहावे.

दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजा. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथे झाला. लखुजी जाधवांच्या वाड्याचे भव्य दार समोरून पाहावे. आत कुठवर जायचे, ते एकाने पाहून येऊन त्याला सांगावे आणि त्यानेच ठरवावे. मोती तलावही पाहण्यासारखा आहे. दुपारी जेवून जालना, मंठा, जिंतूर या रस्त्याने परतावे. वाटेत दुखणे उद्भवलेच, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवता येते.

घरी आल्यावर दोन कामे राहतात. त्या रात्री उजेडात त्याची पाठ, बूड आणि टाचा नीट पाहाव्यात. कातडी लाल दिसली, तर त्या जागेवर भार देऊ नये आणि लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. आणि कुठे किती पायऱ्या लागल्या, कोणते दार अरुंद निघाले, चहाला कुठे थांबता आले, हे सारे वहीत लिहून ठेवावे. शेजारच्या गावातला ओसरीवरचा माणूस ती वही मागायला येईल.