घाईनें चालणारा घोडा : त्याची चाल कशी आवरावी

आमच्या वाशिंदचा आणि बसण्याच्या घोड्याचा संबंध जुना आहे. कल्याणहून आगगाडी ता. १ ऑक्टोबर १८५५ रोजीं येथवर आली, आणि १८६० सालीं रूळ आसनगांवास पोंचेपर्यंत लोहमार्गाचें टोंक वाशिंद हेंच होतें. पुढें थळघाट चढून नाशिककडे जावयाचें, तें बैलांच्या, घोड्यांच्या किंवा स्वतःच्या पायांनीं. अशा लांब मजलेस जो घोडा संथ व एकसारखें पाऊल टाकी, तोच उपयोगीं पडे. आज त्याच दिशेनें मुंबई-नाशिक महामार्ग जातो. हौसेनें किंवा शेत पाहण्याच्या सोयीसाठीं जे बांधव अद्याप घोडा बाळगतात, त्यांस मालमोटारींच्या शेजारून जाण्याचा प्रसंग येतो. अशा ठिकाणीं घोड्याची घाई स्वाराच्या व घोड्याच्याही जिवावर बेतते. सबब ती कशी मोडावी, याचा विचार येथें करूं.

प्रथम दोष कोणता, हें नीट ओळखावें. कदम चालींत घोड्याचीं चार पावलें निरनिराळीं वाजतात : मागचें डावें, पुढचें डावें, मागचें उजवें, पुढचें उजवें. ही चाल तासास सुमारें ६ किलोमीटर पडते. म्हणजे रस्त्यावरील किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत १० मिनिटें लागावीं. मान सैल सोडून, लांब टाप टाकून घोडा याहून थोडा लवकर गेला, तर तो गुण समजावा. तो मोडूं नये. परंतु डोकें वर, मान ताठ, पावलें आखूड व भराभर, आणि चारांच्या जागीं दोनच टापा ऐकूं येऊन मध्येंच दुडकी सुरू, असें झालें म्हणजे ती घाई होय.

या बाबतींत आम्ही स्वतः चुकलों आहों. आमच्याकडील एक तट्टू अशीच घाई करी. दोन महिने आम्ही लगाम ताणून बसलों. जितका ताणावा तितकें तें पुढें रेटी. अखेर कोणाच्या सांगण्यावरून आम्हीं कांटेरी लगाम चढविला. तिसऱ्या दिवशीं फेसाबरोबर रक्त दिसलें, आणि घाई होती तेवढीच राहिली. मग एका वृद्ध नालबंदानें खोगीर उतरवून आयाळीच्या बुडाशीं बोट दाबलें, तों जनावर वाकून खालीं बसूं लागलें. खोगिराचा पुढचा भाग तेथें रुतत होता. तट्टू पळत होतें तें दुखण्यापासून, आणि आम्हीं त्याच्या तोंडांत दुसरें दुखणें घातलें होतें. याची लाज आम्हांस आजही वाटते. असा टोंचणारा लगाम वापरण्यास ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयींच्या १९६५ च्या नियमांन्वयें मनाईही आहे.

तेव्हां उपायापूर्वीं कारण शोधावें. पुढील चार बाबी क्रमानें तपासाव्या.

(१) दुखणें. कण्याच्या दोन्ही बाजूंस बोटें दाबीत जावें व घोडा पाठ चोरतो काय, तें पाहावें. तंगाखालीं कातडें सोललें आहे काय, खोगिराची गादी एका जागीं गोळा झाली आहे काय, हें पाहावें. दाढांच्या धारदार कडांनींही लगाम सोसवत नाहीं. दांतांचें काम पशुवैद्याकडूनच करवावें.

(२) चंदी. काम थोडें व दाणा भरपूर, असें झालें म्हणजे घोडा अंगांत मावत नाहीं. ज्या दिवशीं घोडा उभा राहील, त्या दिवशीं दाणा निम्मा करावा. गवत मात्र तोडूं नये. पुऱ्या दाण्यावर उभ्या ठेवलेल्या घोड्यास दुसऱ्या दिवशीं स्वारीस काढतांच स्नायू आंखडण्याचा विकार जडतो, तोही यानें टळतो.

(३) स्वार. पुढें झुकून बसणें आणि पोटऱ्या आवळणें म्हणजे घोड्यास 'चल' म्हणणें होय. त्यांतच लगाम सतत ताणून धरला, तर त्यास रेटण्यास आयता आधार मिळतो.

(४) घराची व सोबत्याची ओढ. हिचा विचार शेवटीं केला आहे.

कारण दूर झाल्यावर शिकवण द्यावी. भात निघाल्यावर मोकळें झालेलें खाचर यास उत्तम. मात्र जमीन सुकलेली असावी व बांधापासून दूर राहावें. स्वारानें मांड सैल करून ताठ बसावें, श्वास सोडावा, कंबर स्थिर करावी आणि लगामावरील बोटें क्षणभर मिटावीं. घोडा किंचित् सांवरला कीं त्याच क्षणीं बोटें मोकळीं करावीं. हा क्षण हुकला तर धडा फुकट गेला. कारण घोडा ताणण्यानें शिकत नाहीं, सोडण्यानें शिकतो. त्यानें न ऐकल्यास ओढाताण न करितां सुमारें वीस पावलें रुंदीच्या फेरांत वळवावें. तेथें चाल आपोआप उतरते. उतरली कीं सरळ न्यावें व लगाम ढिला द्यावा. पुन्हां घाई, पुन्हां फेर. मधून मधून थांबवावें, दोन पावलें मागें सारावें आणि मग निघावें. रोज वीस-पंचवीस मिनिटें पुरेत. परंतु हा क्रम महिनाभर मोडूं नये. महामार्गावर फेर घेतां येत नाहीं. म्हणून शिकवण पुरी होईपर्यंत घोडा तेथें नेऊंच नये, आणि न्यावाच लागला तर उतरून हातानें चालवावा.

जातांना संथ आणि परततांना अधीर असा घोडा असेल, तर वाट रोज बदलावी. घर दिसतांच मागें वळून पुन्हां शेताकडे न्यावें. कधीं दारावरून तसेंच पुढें जावें. शेवटचा अर्धा किलोमीटर स्वारानें पायीं चालावें. घरीं येतांच तोबरा चढवूं नये. खोगीर उतरवून, खरारा करून, अंग निवाल्यावर चंदी द्यावी. घाई केल्यानें चंदी लवकर मिळत नाहीं, हें घोड्यास थोड्याच दिवसांत उमजतें.

इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत झेनोफन नांवाच्या ग्रीक सेनानीनें अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, कारण मागाहून पस्तावण्यासारखें कृत्य त्यांत हातून घडतें, असा त्यांत उपदेश आहे. आमचा अनुभव त्याहून निराळा नाहीं. घोडा खोडकर म्हणून पडत्या भावानें त्यास बाजार दाखविण्यापूर्वीं बांधवांनीं एकदां खोगीर उतरवून त्याची पाठ पाहावी.