कॉलम सरकवता येतो का?

निकाल लागले की पालकांचा एक ठरलेला प्रश्न येतो. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, कोडिंगची फारशी आवड नाही, मग आयटीच्या वाटेला जायचंच नाही का? याचं उत्तर मी एका बारक्या कामावरून देणार आहे. काम आहे ऑनलाइन यादीतल्या कॉलमांचा क्रम बदलण्याचं.

हसू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या ऑफिसांत खरेदी, रजेचे अर्ज, तक्रारी, ऑडिटचे मुद्दे अशा नोंदी बऱ्याचदा शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये असतात. एकाच लिस्टचे वेगवेगळे व्ह्यू करता येतात. अकाउंट्सला बिल नंबर आणि रक्कम आधी हवी असते, स्टोअरला माल आल्याची तारीख. नवा कॉलम जोडला की तो शेवटी जाऊन बसतो. लिस्ट एकच असेल तर ओढून पुढे आणायला मिनिटही लागत नाही. पण प्रत्येक प्रोजेक्टची लिस्ट वेगळी, अशा साठ लिस्ट, आणि साहेबांना ‘मंजुरी’चा कॉलम सगळीकडे तिसऱ्या जागी हवा, तर माउस धरून कोण बसणार?

इथे पॉवर ऑटोमेट लागतं. मायक्रोसॉफ्टचं हे साधन २०१६ मध्ये ‘फ्लो’ या नावाने आलं आणि २०१९ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं. त्यातली बरीच कामं तयार ठोकळे जोडून होतात: लिस्टमध्ये नोंद आली की मेल पाठव, मंजुरी मिळाली की स्टेटस बदल. क्लासवाले जाहिरातीत दाखवतात ते एवढंच. कॉलमचा क्रम बदलायला मात्र असा आयता ठोकळा नाही. शेअरपॉइंटला थेट एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवावी लागते. लिस्ट कोणती, व्ह्यू कोणता हे पत्त्यात लिहायचं, शेवटी ‘मूव्ह व्ह्यू फील्ड टू’ हा हुकूम जोडायचा आणि पद्धत ‘पोस्ट’ ठेवायची. सोबत दोनच गोष्टी द्यायच्या, कॉलमचं नाव आणि जागेचा क्रमांक. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे तिसऱ्या जागेसाठी २.

मुलं अडकतात ती नावापाशी. स्क्रीनवर दिसतं ते नाव शेअरपॉइंट आतून वापरत नाही. कॉलम तयार होताना त्याला एक अंतर्गत नाव मिळतं आणि वरचं नाव नंतर कितीही बदललं तरी ते तेच राहतं. नावात मोकळी जागा असेल तर तिथे ‘अंडरस्कोर एक्स ००२० अंडरस्कोर’ असं शेपूट येतं. देवनागरीत नाव दिलं तर प्रत्येक चिन्हाची अशी सात-सात अक्षरं होतात, आणि अंतर्गत नाव ३२ अक्षरांवर कापलं जातं. म्हणजे ‘विद्यार्थ्याचे नाव’ आणि ‘विद्यार्थ्याचा पत्ता’ हे दोन्ही कॉलम आतून जवळपास एकसारखेच दिसणार, कारण ‘विद्’च्या पुढे फारसं काही उरतच नाही! जाणकार माणूस कॉलम आधी आखूड इंग्रजी नावाने तयार करतो आणि मग त्याचं मराठीत नामकरण करतो. पहिला ‘टायटल’ कॉलमही असाच चकवतो. व्ह्यूमध्ये तो बहुधा ‘लिंकटायटल’ या नावाने बसलेला असतो.

अनेक कॉलम हलवायचे असतील तर आणखी एक भान ठेवावं लागतं. एक हलला की बाकीचे आपोआप सरकतात. म्हणून पहिल्या जागेपासून सुरुवात करून एकामागून एक जागा भरत जायचं. सगळं एकदम सोडलं की गोंधळ.

आता बघा, या सगळ्यात अवघड गणित कुठे आलं? लागली ती चिकाटी, एरर नीट वाचायची सवय आणि ‘हा कॉलम पुढे कुणाला हवाय, कशाला?’ असं विचारायची अक्कल. ही अक्कल बीकॉमच्या मुलीकडे कधीकधी इंजिनिअरपेक्षा जास्त असते, कारण बिल आधी येतं की चलन हे तिला माहीत असतं. रिक्वेस्ट कशी लिहायची ते आता एआयही सांगतो. आपल्या लिस्टमध्ये आत कुठलं नाव दडलंय, ते मात्र स्वतः उघडून बघावं लागतं.

पण स्वप्नं विकणाऱ्यांपासून सावध राहा. कॉलम सरकवणाऱ्याची वेगळी पोस्ट कुठेच नसते. हे कौशल्य एमआयएस एक्झिक्युटिव्ह, बिझनेस अॅनालिस्ट, पॉवर प्लॅटफॉर्म डेव्हलपर अशा कामांत उपयोगी पडतं. त्याच्या जोरावर पदवी सोडू नये. बीकॉम, बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा, जे चालू असेल ते पूर्ण करावं. एक्सेल पक्कं करावं, थोडं एसक्यूएल शिकावं आणि मग इकडे वळावं. मायक्रोसॉफ्ट लर्नवरचे धडे फुकट आहेत. पीएल-९०० ही पायाभूत परीक्षा द्यायला हरकत नाही, फक्त पैसे भरण्याआधी तिचं सध्याचं स्वरूप तपासा. नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळते असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

फी भरण्याआधी घरीच परीक्षा घ्या. मुलाला किंवा मुलीला दहा कॉलमांची एक लिस्ट करायला सांगा आणि त्यातला एक कॉलम पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लो लिहून तिसऱ्या जागी आणायला सांगा. पहिल्या एररला लॅपटॉप मिटला तर आग्रह धरू नका. रात्री जेवायला हाक मारल्यावरही ‘थांब गं आई, दोनच मिनिटं’ असं उत्तर आलं, तर पुढचं बोलू. यासाठी साधा जीमेल चालत नाही, संस्थेचं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. अनेक कॉलेजं ते विद्यार्थ्यांना देतात आणि बरीच मुलं ते उघडूनही बघत नाहीत. तेव्हा उद्या कॉलेजच्या ऑफिसात आधी त्याची चौकशी करा.